उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली थंडी

कॅनडात ऑन्टारियो प्रांतात सडबरी नावाचं शहर आहे. निकेलच्या खाणींचं शहर. तिथली क्रेटन खाण १९०१ साली सुरू झाली आणि आज जवळजवळ अडीच किलोमीटर खोल गेली आहे. सुरुवातीच्या काळात वरवरचं खनिज उघड्यावरच खणून काढलं, त्याचा भलामोठा खड्डा मागे राहिला आणि त्या खड्ड्यात फुटक्या दगडांचा प्रचंड ढीग पडून राहिला. त्यात काढण्यासारखं काही उरलेलं नाही. पण खाली लागणाऱ्या ताज्या हवेचा मोठा भाग गेली कित्येक दशकं याच ढिगातून ओढून घेतात.

हिवाळ्यात तिथे पारा उणे २० च्या खाली उतरतो, कधी उणे ३० लाही टेकतो. ती हवा दगडांच्या फटीफटींतून खाली जाते तेव्हा दगडांत मागच्या उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. हवा ती घेते आणि खाणीत शिरेपर्यंत तिचा कडाका मोडलेला असतो. दगड मात्र गार होत जातात. ढिगात झिरपणारं पाणी गोठतं, गोठताना तेही उष्णता सोडतं आणि तीही हवेलाच मिळते. मग उन्हाळा येतो. बाहेर ३० अंश होतात. त्याच वाटेने जाणारी गरम हवा आता थंड दगडांना आणि त्यांच्यातल्या बर्फाला आपली उष्णता देते आणि गार होऊन खाली पोचते. दगड तापू लागतात, म्हणजे पुढच्या हिवाळ्याची तयारी सुरू होते. या वाटेने येणाऱ्या हवेला तापवायला गॅस जाळावा लागत नाही आणि गार करायला शीतयंत्र लागत नाही. पंखे आहेत, दारं उघडण्या-मिटण्याची व्यवस्था आहे आणि दगड आहेत.

हे मला भाच्याने सांगितलं. तो खाण अभियंता आहे, राजस्थानात जस्ताच्या एका भूमिगत खाणीत व्हेंटिलेशनचं काम बघतो. मार्च संपत आला होता, सोलापुरात दुपारी रस्ते ओस पडायला लागले होते आणि मी फोनवर नेहमीप्रमाणे उन्हाचं रडगाणं लावलं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला रात्र तरी आहे की. आमच्याकडं खाली रात्रच होत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. उष्णतेचं वहन, तापमानाच्या लाटा हे सगळं दरवर्षी फळ्यावर येतं. पण रात्र ही एक संपत्ती आहे आणि ती आपण रोज वाया घालवतो, हे त्याच्या एका वाक्याने जसं लख्ख दिसलं तसं आधी दिसलं नव्हतं.

खाणीत रात्र होत नाही म्हणजे काय, ते आधी सांगते. जमिनीत जसजसं खाली जावं तसा खडक तापत जातो, बहुतेक ठिकाणी किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. शिवाय हवा खाली उतरताना स्वतःच्या वजनानं दाबली जाते आणि दर १०० मीटरला जवळपास एक अंशाने तापते. म्हणजे वरून गार हवा सोडली तरी ती खाली पोचेपर्यंत कोमट होते. त्यात यंत्रांची उष्णता, डिझेलची उष्णता, माणसांच्या अंगाची उष्णता. क्रेटनमध्ये दोन किलोमीटरवर खडकाचं तापमान ४२ अंश आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत चार किलोमीटरच्या आसपास खडक ६० अंशांच्या वर जातो, तिथे वरून बर्फाचा लगदा पाइपातून खाली सोडतात. दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा यांतलं काहीच तिथे नाही.

पण थंड देशांत खाणीच्या तोंडाशी नेमकी उलटी अडचण असते. उणे २० ची हवा सरळ शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत, सोडली तर भिंतींवरून ओघळणारं पाणी गोठतं, बर्फाचे सुळे तयार होतात आणि ते सुटून शेकडो मीटर खाली पडतात. त्याखाली माणसांची ये-जा करणारा पिंजरा असतो. पाण्याच्या लाइनी फुटतात ते वेगळंच. म्हणून तिथल्या बहुतेक खाणी हिवाळाभर गॅस जाळून हवा तापवतात. त्याच खाणी सहा महिन्यांनी वीज जाळून हवा गार करतात. क्रेटनच्या दगडांनी या दोन खर्चांची एकमेकांशी गाठ घालून दिली.

आपल्याकडे इतक्या खोल खाणींचा विषय निघाला की कोलार आठवतं. सोलापूरहून दक्षिणेला, बंगळुरूच्याही पलीकडे. तिथली चॅम्पियन रीफ खाण ३.२ किलोमीटर खोल गेली होती, तळाच्या खडकाचं तापमान ६० च्या पुढे होतं. २००१ साली त्या खाणी बंद झाल्या. वर्गात मी कोलार शिकवते ते मात्र सोन्यासाठी नाही. १९६५ साली जगात ज्या दोन खाणींत वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांची पहिल्यांदा नोंद झाली, त्यांतली एक कोलारची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं तिथे दोन किलोमीटरहून खोल जाऊन बसली होती. आणि योगायोग असा की क्रेटनच्याही पोटात न्यूट्रिनोंची वेधशाळा आहे. तिथल्या कामासाठी आर्थर मॅकडोनल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ज्या कणांना जवळजवळ कशाचाच अडथळा नाही ते मोजायला माणूस खडकाच्या पोटात उतरतो आणि तिथे त्याचा जीव टिकवायचा तर आधी हवेचा बंदोबस्त करावा लागतो. हे दोन्ही एकाच विज्ञानाचे भाग आहेत आणि मला ते वेगळे करून शिकवता येत नाहीत.

आता सोलापूर.

मे महिन्यात इथे दिवसा ४०-४२ अंश असतात आणि पहाटे २५ च्या आसपास. मार्चमध्येही हा फरक असाच मोठा असतो. दुपारी ३७ आणि पहाटे २१. म्हणजे रोज पंधरा अंशांचा चढउतार. याला आपण कोरडी हवा म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण उष्णता साठवायची असेल तर हा फरक हेच भांडवल आहे. मुंबईला ते नाही. तिथली रात्र दिवसाइतकीच चिकट. सोलापूरची पहाट दुपारसाठी राखून ठेवता येते.

जमिनीत तापमानाची लाट किती खोल जाते हे फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलं आहे. दिवस-रात्रीची लाट माती-दगडात साधारण १२ ते १५ सेंटिमीटर गेली की एक-तृतीयांशावर येते. पुढच्या १५ सेंटिमीटरला पुन्हा तिचा एक-तृतीयांश. आणि लाट नुसती क्षीण होत नाही, उशिराही पोचते: दर १५ सेंटिमीटरला जवळपास चार तास. उन्हाळा-हिवाळ्याची लाट याच्या एकोणीस पट खोल जाते, कारण ३६५ चं वर्गमूळ एकोणीसच्या जवळ आहे. ती अडीच-तीन मीटरला तृतीयांशावर येते आणि दहाएक मीटरवर जवळजवळ विझते. त्याखाली वर्षभर एकच तापमान, त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीइतकं. सोलापुरात ते २७-२८ अंश. विहिरीचं पाणी माघात वाफाळतं आणि वैशाखात अंगावर काटा आणतं ते यामुळे. पाणी तेच असतं, अंग वेगळं असतं.

हे आकडे हातात आले की घरं वेगळी दिसायला लागतात. आजचा आपला स्लॅब पाच इंची. दुपारी दोनला वर पडलेली ऊन्हाची धग तीन-चार तासांत खाली उतरते. म्हणून सोलापुरात संध्याकाळी सहाला, बाहेर वारं सुटलेलं असताना, घरात छताखाली हात वर केला तर तळहाताला झळ लागते. आणि ती मध्यरात्रीपर्यंत लागत राहते. नेमकं आपण घरी येण्याच्या, जेवण्याच्या, झोपण्याच्या वेळी. इतकी चुकीची जाडी शोधून काढायची म्हटली असती तरी यापेक्षा चुकीची सापडली नसती. त्याउलट दीड फुटी दगडी भिंतीत ती लाट अकरा-बारा तासांनी आतल्या बाजूला पोचते आणि तोपर्यंत तिचा विसावा हिस्सा उरलेला असतो. दुपारची धग उत्तररात्री आत येते, जेव्हा ती कुणाला टोचत नाही.

माझं आजोळ मंगळवेढ्याच्या बाजूला. काळी माती, मालदांडी ज्वारी, माळवदाची घरं. माळवद म्हणजे सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती चोपून बसवलेली. मिरगाच्या आधी दरवर्षी तिच्यावर नवी माती पसरायची. वैशाखातल्या भर दुपारी बाहेरच्या अंगणातून मधल्या खणात पाऊल टाकलं की आधी काही दिसायचं नाही, आणि दिसायच्या आधी तळपायाला गारवा कळायचा. शेणाने सारवलेली जमीन, खाली मुरूम, त्याखाली काळी माती, सगळी एकसंध. आजी सकाळी ऊन ओसरीच्या पायरीला लागलं की दार-खिडक्या ओढून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर सगळं सताड उघडायची. रात्रीचा गारवा भिंतींत भरून घ्यायचा आणि दिवसभर कडी लावून जपायचा. क्रेटनमध्ये दारं उघडण्या-मिटण्याची जी व्यवस्था आहे, तेच काम ती करत होती.

अंगणात पेव होतं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मोठ्या रांजणासारखी पोकळी, कडेनं कडब्याचं अस्तर आणि वर दगडी झाकण, मातीने लिंपलेलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही असा दंडक होता. झाकण काढून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो तेवत राहिला तरच गडी उतरायचा. बंद पेवात ज्वारी श्वास घेत राहते, प्राणवायू संपवते आणि कर्बवायू साठतो. म्हणून किडे मरतात आणि म्हणून माणूसही मरतो. कंदील खाली जाताना आम्ही पोरं वाकून बघायचो, तोंडावर एक उबट, दमट, पिठाळ वास यायचा. तीन-चार मीटर खोलवरच्या ज्वारीला वर उन्हाळा आहे की हिवाळा हे फारसं कळत नसे.

हे लिहिताना जुन्या घरांबद्दल उमाळा येतो, आणि तो खरा आहे. पण इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप आला. सोलापुरातही आम्ही धडपडत रस्त्यावर आलो होतो. लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक भूकंपाच्या हादऱ्याने गेली नाहीत, घराखाली सापडून गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर कित्येक टन पांढरी माती. जे वजन उन्हाळ्यात गारवा धरून ठेवत होतं तेच झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर या भागातल्या लोकांनी पत्रा आणि स्लॅब धरला तर त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. 'पूर्वजांचं शहाणपण' म्हणून माळवदाचे फोटो टाकणाऱ्यांनी किल्लारीचं स्मारक एकदा बघून यावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून क्रेटनचा दगडांचा ढीग मला इतका मोलाचा वाटला. गारवा धरायला वजन लागतं, त्याला इलाज नाही. पण ते वजन डोक्यावर असायला हवं असं कुठे आहे? ते पायाखाली असू शकतं. खड्ड्यात. तिथून ते कुणाच्या अंगावर पडणार नाही.

आणि ते फुटकं हवं, अखंड नको. सगळी खुबी इथे आहे. अखंड कातळात रात्रीची थंडी १५ सेंटिमीटर शिरते न शिरते तोच सूर्य उगवतो. हिवाळाभर वारा घातला तरी थंडी दोन-तीन मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. कडा कितीही मोठा असो, कामाला येते ती त्याची साल. पण तोच कातळ फोडून ढीग केला की प्रत्येक दगडाला चारी बाजूंनी हवा लागते. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर दिवस जातो, तोच गूळ फोडून टाकला तर बघता बघता विरघळतो, तसं आहे हे. मुठीएवढ्या दगडाच्या गाभ्यापर्यंत पोचायला थंडीला काही मिनिटं पुरतात. मग ढिगातला दगडन् दगड कामाला लागतो.

दुसरी खुबी मला त्याहून महत्त्वाची वाटते. साठा भरावा लागतो तसा तो रिकामाही करावा लागतो. आपल्याकडे जमिनीखालून हवा आणून घर गार करायचे प्रयोग झाले आहेत. गुरुग्रामजवळ टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या इमारतीत चार मीटर खोल बोगद्यांतून हवा आणतात. उत्तम कल्पना आहे. पण असे पाइप घालून उन्हाळाभर गरम हवा त्यांतून नेली तर भोवतालची माती दिवसेंदिवस तापत जाते आणि ऐन मेमध्ये, गरज सगळ्यात जास्त असताना, तिची भूक संपलेली असते. क्रेटनमध्ये तसं होत नाही, कारण हिवाळा येऊन सगळी उष्णता काढून नेतो. आणि ती काढून नेतानाही वाया जात नाही. उन्हाळ्याचा कचरा हे हिवाळ्याचं इंधन. सोलापुरात हिवाळ्याला इंधन लागत नाही, हे खरं. पण पौष-माघातल्या पहाटा १४-१५ अंशांच्या असतात. त्या पहाटेची हवा जमिनीत घालायला काय हरकत आहे? आणि उन्हाळ्यात दर रात्री पंखा फिरवून दिवसाची उष्णता उपसून टाकायला?

माझा एक जुना विद्यार्थी विडी घरकुल वसाहतीच्या बाजूला टॉवेलचे माग चालवतो. पत्र्याची शेड. मे महिन्यात दुपारी दोन ते चार कामगार माग बंद करून बाहेर लिंबाखाली बसतात. आत पत्र्याची धग, मोटारींची उष्णता आणि कोरडी हवा. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, ताणा सारखा तुटतो. माझे वडील इथल्या एका गिरणीत ह्युमिडिफिकेशनला होते. पाण्याच्या फवाऱ्यांतून हवा ओढून ती जमिनीखालच्या मार्गांनी साचेखात्यात सोडायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला ओल्या सुताचा वास असायचा. कापडाच्या धंद्याला गार आणि दमट हवा ही चैन नाही, ती सुताइतकीच गरजेची आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. गिरण्या गेल्या आणि ते शहाणपणही शेडच्या पत्र्याखाली पोचलंच नाही.

त्या पोराला मी क्रेटनचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ते सगळं खरं, पण मला दगड किती लागतील ते सांगा."

हा प्रश्न मला फार आवडला. बसून हिशेब केला. आपला काळा दगड, फोडून खड्ड्यात भरला तर त्यात चाळीस टक्के पोकळी राहते. असा एक घनमीटर ढीग १० अंशांनी गार केला की त्यात साधारण ४ युनिट (विजेच्या बिलातलं तेच युनिट) उष्णता मावते. चार दीड टनी एसी जेवढी उष्णता ओढतील तेवढी, दुपारचे पाच तास ओढायची असं धरलं, तर १०५ युनिटच्या आसपास होतात. पण मेमध्ये दगडाला १० अंश मिळणार नाहीत. रात्री हवा २५-२६ ला येते, शेडला दुपारी ३२-३३ वर ठेवलं तरी पुष्कळ. म्हणजे सहाएक अंशच हाती लागतात. मग लागतात ४४ घनमीटर. इथल्या भाषेत साडेपंधरा ब्रास डबर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). १६ फूट लांब, १६ फूट रुंद, ६ फूट खोल खड्डा. ट्रॅक्टरच्या पंधरा-सोळा खेपा.

हे अशक्य वाटत नाही. सोलापूरच्या भोवती खडी क्रशर आहेत, डबर इथे दूरून आणावं लागत नाही. यातून वाचणारी वीज मात्र १०५ युनिट नाही, हेही मी त्याला सांगितलं. एसी तेवढी उष्णता ओढायला तीस-पस्तीस युनिट वीज खातो, आणि त्यातून पंख्याची वीज वजा करायची. शिवाय आज त्याच्याकडे एसी नाहीच, त्यामुळे बिल कमी होण्याचा प्रश्नच नाही. मिळेल ते दुपारचे दोन तास, जे आज लिंबाखाली जातात. आणि कामगारांना माणसासारखं उभं राहता येईल. माझ्या लेखी हे पहिलं.

दगडावर रात्री पाणी शिंपडलं तर आणखी दोन-तीन अंश खाली जाता येतं, आणि दमटपणाही मिळतो, सुताला हवा तसा. पण उन्हाळ्यात ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे मी हा सल्ला जपूनच देते.

थंड देशांचं सगळंच आपल्याला घेता येणार नाही. सडबरीच्याच स्टोबी खाणीत हिवाळ्यात रिकाम्या दालनांत पाणी फवारून बर्फाचे डोंगर उभे करत, आणि उन्हाळ्यात हवा त्यावरून नेत. एक टन बर्फ वितळताना ९० हून अधिक युनिट उष्णता गिळतो. ४४ घनमीटर दगडांचं काम एका टनापेक्षा थोडाच जास्त बर्फ करून टाकतो. पण त्याला उणे २० चा हिवाळा हवा. आपल्याला तो नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वर्षाचा फरक लहान आणि दिवसाचा फरक मोठा आहे, तर आपला साठाही दिवसाचा हवा. म्हणूनच तो लहानही चालतो. सडबरीला सहा महिन्यांची थंडी धरून ठेवायची म्हणून डोंगराएवढा ढीग लागतो. आपल्याला पहाटेपासून दुपारपर्यंत धरायची आहे.

एका गोष्टीचा विचार अजून डोक्यात घोळतो आहे. नेदरलँड्समध्ये हेर्लेन नावाच्या गावात कोळशाच्या खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी भरलं, आणि २००८ पासून ते पाणी इमारती तापवायला आणि गार करायला वापरतात. पाण्यात, तेवढ्याच जागेत, फुटक्या दगडांच्या तिप्पट उष्णता मावते. आपल्या भोवती बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. पावसाळ्यात त्या भरतात, उन्हाळ्यापर्यंत काहींत पाणी टिकतं, बाकीच्यांत कचरा पडतो. त्या पाण्यावर सावली धरली आणि हिवाळ्यातल्या रात्री ते उघडं ठेवलं, तर चैत्रात त्याचं तापमान किती असेल? हे मोजायला फार काही लागत नाही. दोरी, वजन आणि थर्मामीटर.

पण आधी शेडचा खड्डा. जागा ठरली आहे, शेडच्या उत्तरेला. दगड आणि माग यांच्यामध्ये चाळणी कुठे बसवायची यावर आमचा वाद चालू आहे, कारण मागाचं तूस दगडांत शिरलं तर दोन उन्हाळ्यांत फटी बुजतील. माझं म्हणणं, हवा नेहमी बाहेरून घ्यायची, शेडमधली परत फिरवायची नाही. त्याचं म्हणणं, दुपारी बाहेरची ४२ ची हवा घेण्यापेक्षा आतली ३५ ची घेतलेली बरी. त्याच्या म्हणण्यात दम आहे. भाचा म्हणतो, दोन्ही वाटा ठेवा आणि मध्ये झडप बसवा, खाणीत तसंच करतात. डबर क्रशरवरून आणायचं, पण चुरी असलेलं नको, धुऊन घ्यायचं. मुठीएवढे दगड तळाला आणि वरही तेच. बारीक खडी घातली तर पंखा दमेल. तीन खोलींवर थर्मामीटर पुरायचे, एक तळाशी, एक मध्यावर आणि एक वर, आणि मार्गशीर्षापासून रोज पहाटे पाचला आणि दुपारी तीनला वाचायचे. पहाटेचं वाचन रात्रपाळीचा कामगार घेणार आहे. त्याने वही घेऊन ठेवली आहे.